तलवारीचा धनी

जुन्या वस्तूची पारख म्हणजे तिची किंमत ठरवणे, असा समज रूढ आहे. आम्हाला तो अपुरा वाटतो. वस्तू शस्त्र असेल, आणि तेही परमुलखातील सैनिकाच्या कमरेचे असेल, तर किमतीआधी दुसराच प्रश्न उभा राहतो: ही वस्तू आपली कशी झाली?

परतूर परिसरातील एका तरुण शिक्षकाने हौसेने आपली पहिली जपानी लष्करी तलवार मिळवली. एका दिवंगत सैनिकाच्या मुलीकडून त्याने ती विकत घेतली. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात जपानी तलवार कुठून आली, असे वाचक विचारतील. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे जपानी फौजेला ज्यांनी अडवून धरले, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. पुढे १९४५ साली जपान शरण आला, तेव्हा जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्याच पाहिजेत, असा आग्रह लॉर्ड माउंटबॅटन यांनी धरला. अशा कित्येक तलवारी सैनिकांच्या ट्रंकांतून देशोदेशी गेल्या.

वडिलांनी जपानी अधिकाऱ्याला समोरासमोर लढून मारले आणि ही तलवार घेतली, असे त्या मुलीने सांगितले. तलवार मात्र वेगळे सांगते. जपानी अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घेत. कोणी घराण्यातले शेकडो वर्षांचे पाते लष्करी मुठीत बसवून आणी. त्या मुठीतली बांबूची खुंटी काढली की पात्याचा आतला दांडा उघडा पडतो. कारागिराची सही असली तर तेथेच असते. (तेथील गंज घासून काढण्याचा मोह नवशिक्यांना फार होतो; पण पात्याचे वय त्या गंजावरूनच ओळखतात.) या तलवारीत तसे काही नाही. ती १९३५ साली ठरलेल्या नमुन्याची, हवालदार दर्जाच्या शिपायांना सरकारातून मिळणारी आहे. पाते यंत्रावर घडलेले, मूठ ओतीव धातूची, तिच्यावर दोऱ्याच्या गुंडाळीची नुसती नक्कल. पात्यावर आकडा आहे. म्यानावरही तोच आकडा. संग्राहकाला याचा आनंद होतो, आणि तो रास्तही आहे.

परंतु अधिकाऱ्याची कथा येथे टिकत नाही. मग शिक्षकाने काय करावे?

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९०७ च्या हेग नियमांनुसार युद्धकैद्याची खासगी चीजवस्तू त्याचीच राहते. शस्त्रे, घोडे व लष्करी कागदपत्रे तेवढी वगळली आहेत. संत थॉमस अक्वायनस यांनीही न्याय्य युद्धातील लूट घेणाऱ्याची मानली. मात्र जो लुटीच्या लोभाने लढतो त्याला पाप लागते, असे बजावले. म्हणजे तलवार ठेवण्यात चोरी नाही. ती जपानला परत पाठवावी, असे काही जण सुचवतात. तेथील गंमत अशी, की १९५८ च्या जपानी कायद्यान्वये परंपरागत पद्धतीने घडवलेल्या पात्याची कलावस्तू म्हणून नोंदणी होऊ शकते, यंत्रावरच्या पात्याची होत नाही. सरदाराची तलवार मायदेशी जाऊ शकेल. हवालदाराची गेली तर नष्ट केली जाईल.

उरतो सत्याचा प्रश्न, आणि आमच्या मते खरा पेच हाच. त्या मुलीला वडिलांची दुसरी ठेव नाही. कथा खोटी ठरवणे म्हणजे तिच्या हातून तीही काढून घेणे. उलट कथा तशीच पुढे विकणे ही फसवणूक आहे. पुढचा ग्राहक त्या कथेचेच पैसे मोजील. आम्ही सांगितले: मुलीकडे आपण होऊन वाद घालायला जाऊ नये, तिने विचारले तर मात्र लपवू नये. शिवाय तलवार अधिकाऱ्याची नव्हती म्हणून तिचे वडील लढलेच नाहीत, असे कुठे सिद्ध होते? हवालदाराशी लढतानाही जीव तेवढाच पणाला लागतो.

शिक्षकाने नोंदवहीत दोन परिच्छेद लिहिले आहेत. एकात कुटुंबाचे म्हणणे, दुसऱ्यात नमुना, आकडा आणि मुठीचे वर्णन. मूळ धन्याच्या नावापुढची ओळ त्याने कोरी सोडली आहे.