दयाच्या थपडेवर हसताना

‘सीआयडी’च्या चाहत्यांना विनोदी भाग वेगळा शोधावा लागत नाही. सावंगी (मेघे)सारख्या मेडिकल कॉलेजच्या गावात तर डॉ. साळुंखे मृतदेहाकडे एक नजर टाकून मृत्यूची वेळ सांगतात, एवढ्यावरच हॉस्टेलची अर्धी रात्र निघेल. शरीराचं तापमान, ताठरपणा यांवरून फक्त अंदाज बांधता येतो, हे तिथल्या मुलांना शिकवलेलं असतं. चूक कळते, म्हणून हसू येतं.

मग दयाची थप्पड येते. आरोपी गाल धरतो आणि घडाघडा कबूल करतो. इथेही आपण हसतो. पण हे हसू चूक कळल्याचं आहे का?

मला ते समाधानाचं वाटतं. १९९८पासून शेवटची थप्पड खऱ्या खुन्यालाच बसत आली, कारण खुनी कोण हे लेखकानं आधीच ठरवलेलं असतं. खऱ्या पोलीस ठाण्यात असा लेखक नसतो. मार चुकवायला निर्दोष माणूसही ‘हो’ म्हणतो. म्हणून तर पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा धरू नये, असं १८७२च्या पुरावा कायद्यात होतं. २०२३च्या नव्या कायद्यातही ते टिकलं.

साळुंखेंची लॅब खरी असावी असं आपल्याला वाटत नाही. थप्पड मात्र खरी असावी, असं मनातून वाटतं. दयावर खुशाल हसावं. पण ‘पोलिसांनी चोप दिला’ या बातमीखाली हसरा इमोजी टाकताना विचारावं : हाच गुन्हेगार, हे आपल्याला कुणी सांगितलं?