शोधनानंतरची पेज

‘तीन दिवसांत संपूर्ण पंचकर्म’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. पूर्वी कधी शोधन, म्हणजे शरीरशुद्धीचा उपचार, न केलेल्या माणसाला ते सोयीचे वाटते. शनिवार-रविवारला एक रजा जोडली की झाले. पण हिशेब मांडून पाहा. विरेचनाआधी, म्हणजे जुलाबाच्या औषधाआधी, औषधी तूप वाढत्या मात्रेत प्यायचे, ते तीन ते सात दिवस. मग तीन दिवस अंगाला तेल आणि वाफ. त्यानंतर औषधाचा दिवस. आणि शुद्धी उत्तम झाली, तर नेहमीच्या जेवणावर यायला आणखी सात दिवस. तीन दिवसांत मावते ते मालिश, वाफ आणि एखादा जुलाब. त्याला शोधन म्हणू नये.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला पंधरावा अध्याय या दृष्टीने फार मोलाचा आहे. वमनाचे, म्हणजे उलटीचे, औषध देण्याआधी काय काय सिद्ध ठेवायचे, याची त्यात लांबलचक यादी आहे : वाऱ्याचा झोत न लागणारे तरी हवेशीर घर, संडास, न्हाणी, स्वयंपाकघर, उखळ-मुसळ, कामात तरबेज आणि प्रेमळ सेवक, गाणारे, गोष्टी सांगणारे, वासरासह दुभती गाय. उपद्रव झालाच तर त्यावरची औषधेसुद्धा. शिष्य अग्निवेश विचारतो, वैद्य जाणता असेल तर उपचार चुकेलच कसा? अचूक उपचार शक्य आहे, हे त्याचे गुरू आत्रेय मान्य करतात. पण दोष, औषध, देश, काळ, बळ, वय यांच्या अवस्था इतक्या सूक्ष्म असतात की थोर बुद्धीचा माणूसही त्यांत गोंधळतो, असे ते सांगतात. ज्या शास्त्राचे आचार्य इतके सावध, त्याच शास्त्राच्या नावाने लोक व्हिडिओ पाहून घरी मीठपाण्याने उलट्या काढतात, याची मला खरोखर काळजी वाटते. उलट्या-जुलाबांतून पाणी आणि क्षार जातात. हृदयरोगी, गर्भवती, वृद्ध, मधुमेहाची औषधे घेणारे यांच्या ते जिवावर बेतू शकते.

जाहिरातींनी दोष आणि विष एकच करून टाकले आहेत. वात, पित्त, कफ हे दोष शरीराला धरूनही ठेवतात. बाहेर काढायचे ते वाढलेले तेवढेच. ते फार वाढलेले असावेत आणि अंगात बळ असावे, तरच शोधन. चरकाने सांगितलेल्या लंघनाच्या, म्हणजे शरीर हलके करण्याच्या, दहा प्रकारांत शोधनाचे चार आहेत. उपवास, पाचन, व्यायाम हेही त्याच यादीत येतात. नवख्या माणसाचे काम बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते : कडकडून भूक लागल्यावर जेवणे, रात्री हलके खाणे, रोज चालणे.

आणि शोधन झालेच, तर सर्वांत नाजूक काळ त्यानंतरचा. चरकाच्या मते तेव्हाचा जठराग्नी ठिणगीएवढा असतो. गवत, शेणी घालत तो हळूहळू फुलवावा लागतो. म्हणून आधी पातळ पेज, मग घट्टसर भात, मग मुगाचे बिनफोडणीचे कढण, मग तूप-मीठ घातलेले. ताप उतरल्यावर आपल्या घरांत पेज, मऊ भात देत आले, ते याच जाणिवेने. रुग्ण मात्र पोट हलके झाले म्हणून दुसऱ्याच दिवशी लग्नाच्या पंगतीला बसतो, आणि बिघडले की आयुर्वेदाला बोल लावतो.

तेव्हा पंचकर्माला जाण्याआधी वैद्यांना एवढे जरूर विचारा : औषधानंतरचे सात दिवस मी काय, किती आणि केव्हा खायचे? याचे नीट उत्तर मिळाले नाही, तर तिथे पैसे भरू नका.