किनाऱ्यावरची न्याहारी

पुनरुत्थान काळातील तिसरा रविवार (क वर्ष)
शुभवर्तमान : योहान २१:१-१९



आजचे शुभवर्तमान आपल्यासारख्या दर्याकाठच्या माणसांना चटकन समजते. रात्रभर जाळे टाकून हाती काही न लागणे म्हणजे काय, हे आपल्या कोळी बांधवांना वेगळे सांगायला नको. पहाट होते, किनाऱ्यावर कोणीतरी उभा असतो. त्याच्या सांगण्यावरून शिष्य उजवीकडे जाळे टाकतात आणि १५३ मोठे मासे मिळतात. शिष्य किनाऱ्याला लागतात तर तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे आणि शेजारी भाकरी. पुनरुत्थित प्रभू त्यांना न्याहारीला बोलावतो.

हे वाचताना मला आपल्याच भागातील एका कुटुंबाची आठवण होते. नोकरीनिमित्त हे कुटुंब काही वर्षे पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात, आक्रा शहरात राहत होते. सुट्टीवर आले असता त्या गृहस्थांनी मला हा प्रसंग सांगितला.

घानामध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सार्वजनिक सुट्टी असते. सारा देश सहलीला निघतो, समुद्रकिनारे माणसांनी फुलून जातात. हे कुटुंबही पहाटे निघाले. आक्र्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर केप कोस्ट हे गाव आहे. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुके मटण, गाडीत चटई, छत्री, मुलांचा चेंडू. गाडी चालवायला नेहमीचा ड्रायव्हर होता. तो त्याच किनारपट्टीवरचा, फांते समाजाचा, आणि आपल्यासारखाच कॅथोलिक.

आधी त्यांनी किल्ला पाहिला. समुद्राला लागून असलेल्या या पांढऱ्या किल्ल्यात इंग्रजांनी हजारो आफ्रिकी माणसांना तळघरात डांबून ठेवले होते. तिथून एका दरवाजाने त्यांना जहाजांवर चढवत. त्या दरवाजाला आज ‘परत न येण्याचा दरवाजा’ म्हणतात. ब्रिटिश संसदेने १८०७ साली कायद्याने हा व्यापार बंद केला. गाइडने त्यांना एक गोष्ट दाखवली. पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर होते. वर स्तोत्रे गायली जात होती आणि पायाखाली माणसे साखळदंडात होती.

हे काम इंग्रजांचे, आपला काय संबंध, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. जवळच एल्मिना येथे पोर्तुगीजांनी १४८२ साली किल्ला बांधला. ज्या पोर्तुगीजांची सत्ता १५३४ ते १७३९ या काळात आपल्या वसईवर होती, तेच हे पोर्तुगीज. त्यांच्या त्या किल्ल्यातही चर्च होते आणि त्यांनीही माणसांचा व्यापार केला. म्हणूनच पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली सेनेगलमधील गोरे बेटावर जाऊन ख्रिस्ती लोकांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली.

किल्ला पाहून सर्वांची मने जड झाली. मग ती मंडळी वाळूवर उतरली. किल्ल्याच्या भिंतीखालीच कोळ्यांच्या रंगीबेरंगी होड्या लागलेल्या असतात. एका अखंड झाडाच्या खोडातून कोरलेल्या या होड्यांवर निशाणे फडकतात, कित्येकींवर बायबलमधली नावे रंगवलेली असतात. मंगळवारी तिथले कोळी दर्यात जात नाहीत. तो दिवस समुद्राच्या विश्रांतीचा. पण हा सोमवार होता. किनाऱ्यावर मोठे जाळे ओढणे चालले होते, आपल्याकडे मालवण-गोव्याकडे रापण ओढतात तसेच. दोरावर पन्नासएक माणसे, तोंडाने गाणे, गाण्याच्या तालावर एकेक पाऊल मागे.

कुटुंबाने छत्री लावली, डबे उघडले. ड्रायव्हरला नेहमीप्रमाणे कागदात बांधून वेगळे जेवण दिले. तो ते घेऊन गाडीकडे गेला. यात कोणालाही काही वावगे वाटले नाही.

सात वर्षांचा धाकटा मुलगा मात्र जाळ्याकडे धावला. आई घाबरून हाका मारू लागली. तेवढ्यात ड्रायव्हर पुढे झाला, मुलाचा हात धरून त्याला दोराशी नेले. ओढणाऱ्या माणसांनी हसत दोरावर त्याला जागा करून दिली. तासाभराने जाळे वर आले. मासळी वाटताना एका म्हाताऱ्या कोळ्याने मुलाच्या ओंजळीतही मासे टाकले. ज्याने दोर ओढला, त्याचा वाटा.

ड्रायव्हरने ते मासे शेजारच्या एका बाईच्या विस्तवावर भाजले. मग छत्रीजवळ येऊन त्याने सर्वांना जेवायला बोलावले. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके, तिखट मिरचीचे वाटण आणि भाजलेले मासे. सगळे एकाच ताटाभोवती वाळूत बसले. ड्रायव्हरने क्रुसाची खूण केली आणि भोजनाची प्रार्थना म्हटली.

ते गृहस्थ मला म्हणाले, “फादर, तीन वर्षं हा माणूस आमची गाडी चालवत होता. आदल्याच दिवशी, ईस्टरला, आम्ही दोघांनी एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारलं होतं. पण एका ताटात मी कधी त्याच्यासोबत जेवलो नव्हतो. परक्या देशात लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं असं मला वाटायचं. आणि मीच त्याला त्याच्या देशात परका केला होता. घास घशाखाली उतरेना.”

बंधुभगिनींनो, प्रभूने पेत्रासाठी विस्तव का पेटवला असेल? योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदाच येतो. पहिला प्रमुख याजकाच्या अंगणात. तिथे शेकत असताना पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. दुसरा हा, सरोवराच्या काठी. प्रभू पेत्राला दोष देत नाही. आधी जेवू घालतो, मग तीन वेळा प्रीतीबद्दल विचारतो आणि प्रत्येक वेळी आपल्या मेंढरांची काळजी घ्यायला सांगतो. जिथे नाकारले, तशाच विस्तवाशी त्याला पुन्हा स्वीकारले. त्या कुटुंबाचेही तेच झाले. ज्याला त्यांनी बाजूला बसवले, त्याच्याच हातून प्रभूने त्यांना जेवणाचे आमंत्रण दिले.

आता आपल्या घराकडे पाहू या. आपल्या इमारतींचे स्लॅब टाकणारे, आपल्या बोटींवर खलाशी म्हणून राबणारे, आजारी आईवडिलांची सेवा करणाऱ्या बाया, घरी धुणीभांडी करणारी बहीण. यांतील कितीजण दूरच्या गावांतून, दुसऱ्या राज्यांतून पोटासाठी आले आहेत. आपलीही मुले आखातात, जहाजावर, परदेशात अशीच राबतात. त्यांना तिथे कोणी मानाने वागवावे म्हणून आपण नोव्हेना करतो. मग आपल्या दारच्या परक्यासाठी चहाचा कप वेगळा का? त्याचा पगार महिन्याच्या दहा तारखेपर्यंत का थांबतो? त्याला आठवड्याची सुट्टी का मिळत नाही? वर स्तोत्र आणि खाली तळघर, असे आपले घर तर नाही ना?

या आठवड्यात एक गोष्ट करू या. जो आपल्यासाठी राबतो, त्याला एकदा आपल्याबरोबर, आपल्या ताटवाटीत जेवायला बसवू या. त्याचे गाव, त्याच्या मुलांची नावे विचारू या. आणि देणे थकले असेल तर जेवणाआधी ते चुकते करू या. नाहीतर ते जेवण दिखाऊ ठरेल.

हे पुनरुत्थित प्रभो, आमच्या वेदीवरची भाकर आमच्या घरच्या पंगतीपर्यंत पोहोचू दे. परक्याच्या रूपाने तू किनाऱ्यावर उभा राहशील, तेव्हा तुला ओळखण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.