आम्ही उचलून घेऊ की!

मोशीतल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी भले गृहस्थ होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना ते खलनायक वाटण्याची शक्यता आहे.

माझा मावसभाऊ चाकणला एका कंपनीत कामाला आहे. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी पुणे-नाशिक हायवेवर तो बाइकवरून पडला, मणक्याला मार बसला, आणि तेव्हापासून व्हीलचेअर. नोकरी टिकली, हे नशीब. शॉप फ्लोअरवरून त्याला स्टोअरच्या कागदपत्रांच्या कामावर घेतलं. त्याने स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवून घेतली, आणि सहा महिन्यांत तो पुन्हा एकटा कामावर जाऊ लागला. अडलं ते घरापाशी. भोसरीतली जुनी भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे नवीन घर शोधणं आलं.

घर शोधताना ब्रोकर काय विचारतो हे तुम्हाला माहीत असेलच. फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, कंपनी कोणती, गाव कोणतं. व्हीलचेअरचा प्रश्न या यादीत नसतो. तो दारात पोचल्यावर निघतो. महिन्याभरात अकरा घरं पाहिली. कुठे लिफ्टमध्ये खुर्ची शिरेना, कुठे बाथरूमचं दार अडीच फुटांचं आणि खाली चार इंचांचा उंबरा, तर कुठे मालक फोनवरच म्हणाले, ‘रिस्क नको.’ कसली रिस्क, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बारावं घर जमलं. चौथा मजला, लिफ्ट मोठी, बाथरूममध्ये खुर्ची वळत होती. मालक नाशिकला राहणारे, ते हो म्हणाले. फक्त पार्किंगमधून लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या होत्या. दादाने सेक्रेटरींना विचारलं, इथे रॅम्प करता येईल का? अर्धा खर्च मी देतो. सेक्रेटरी मनापासून हसले आणि म्हणाले, “अहो, तीनच तर पायऱ्या! वॉचमन आहे, पोरं आहेत. आम्ही उचलून घेऊ की!”

दादाने हात जोडून आभार मानले. बाहेर टपरीवर चहा पिताना मला म्हणाला, “इथे नको.”

मला राग आला होता. अकरा ठिकाणी नकार खाल्ला, इथे माणसं एवढी चांगली आहेत, आणि हा नखरे करतोय! मला वाटतं, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असंच वाटलं असतं. म्हणून हा लेख.

आधी साधा हिशोब करू. फर्स्ट शिफ्ट असली की दादा साडेपाचला निघतो. महिन्याचे सव्वीस दिवस, जाऊन-येऊन बावन्न वेळा त्याला कुणाला तरी हाक मारावी लागणार. दूध आणायचं, मेडिकलमध्ये जायचं, नुसतं खाली जाऊन बसायचं, ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात पोरं धावत येतील. तिसऱ्या महिन्यात वॉचमन मोबाइल बघत बसलेला असेल आणि दादा पायऱ्यांपाशी त्याची नजर वर होण्याची वाट बघेल. यात वॉचमन वाईट ठरत नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर रोज दोनदा भार टाकला तर तो झिजतोच. वर उचलताना कुणाचा पाय घसरला तर मोडलेला मणका कुणाचा, हाही प्रश्न आहेच.

पण दादाला खटकलं होतं ते निराळंच. चहा संपवताना तो म्हणाला, “ज्याने मला सकाळी उचललं, त्याच्याशी मी संध्याकाळी टँकरच्या पैशांवरून भांडू शकेन का?”

या वाक्याने मी बराच काळ अडकलो. ज्याला रोज उचलून घ्यावं लागतं त्याला रोज गोड राहावं लागतं. मेंटेनन्स का वाढला हे विचारायचं नाही, वरच्या मजल्यावर रात्री बारापर्यंत डीजे वाजला तरी हसायचं. तुम्ही-मी सोसायटीत तिरसट असू शकतो, आणि तिरसट असूनही लिफ्ट आपल्यासाठी थांबते. दादाला ती चैन परवडणार नव्हती. फिलिप पेटिट नावाचा आयर्लंडचा तत्त्वज्ञ स्वातंत्र्याची एक कसोटी सांगतो: समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, न भिता आणि न लाचारी करता, उभं राहता येतं का? मालक दयाळू असला तरी त्याच्या मर्जीवर जगणारा माणूस स्वतंत्र नसतो, असं त्याचं म्हणणं. आज कुणी त्रास देत नाही, एवढं पुरत नाही. उद्या मर्जी फिरली तर काय, हा प्रश्न डोक्यात नसणं म्हणजे स्वातंत्र्य.

हे समजायला आपल्याला आयर्लंडपर्यंत जायची खरं तर गरज नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर गेले तेव्हा तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. प्रत्यक्षात तळ्याला हात लावता येत नव्हता. त्या काळी अनेक गावांत विहिरीवर थांबायचं, आणि कुणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं, अशी रीत होती. ओतणाऱ्यांत दयाळू माणसंही असतील. तहान त्यांच्यामुळे भागतही असेल. तरी प्रश्न उरत होताच. अस्पृश्यतेचा छळ आणि तीन पायऱ्यांची गैरसोय एका मापाने मोजता येणार नाही, आणि मी ती मोजत नाहीये. पण ‘ओतून मिळालेलं पाणी’ आणि ‘स्वतः भरलेलं पाणी’ यांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत घडलेलं आठवतं का? दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या विराली मोदी लग्नाची नोंदणी करायला खारच्या कार्यालयात गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सह्या घ्यायला अधिकारी खाली यायला तयार झाले नाहीत. शेवटी स्वतःच्या लग्नाच्या दिवशी नवरीला उचलून जिन्याने वर न्यावं लागलं. त्यांनी हे समाजमाध्यमावर लिहिलं, गाजलं, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली. सरकारी कार्यालय होतं म्हणून माफी मागायला कुणीतरी होतं. भाड्याच्या घराचं काय?

कायदा काय म्हणतो, ते पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुक एका ठिकाणीच राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, असं त्यात आहे. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी द्यायची नाही, असंही आहे. आणि ‘खाजगी आस्थापना’ म्हणजे काय याच्या व्याख्येत कंपनी, ट्रस्ट, कारखाना यांच्याबरोबर सहकारी संस्था हा शब्द आहे. आपली हाउसिंग सोसायटी सहकारी संस्थाच असते. एकटा घरमालक मात्र त्या व्याख्येत नाव घेऊन येत नाही.

८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. रतुरी स्वतः दृष्टिहीन, त्यांची याचिका २००५ सालची. न्यायालय म्हणालं, सुगम्यता ही आधीच करून ठेवायची गोष्ट आहे, कुणी मागायला येण्याची वाट न बघता. आणि एखाद्या विशिष्ट माणसाची गरज पाहून नंतर केलेली सोय ही दुसरी गोष्ट. पहिलीची जागा दुसरी घेऊ शकत नाही. सुगम्यतेचे निकष नियमांत नुसत्या शिफारशीसारखे राहिले होते, ते बंधनकारक करा, असंही सरकारला सांगितलं. आता सेक्रेटरींचं वाक्य या भेदात बसवून बघा. उचलून घेणं पहिल्यात बसत नाहीच, दुसऱ्यातही जेमतेम.

कागदावर एवढं सगळं असूनही दादाच्या हातात त्यातलं फारसं काही येत नाही, आणि त्याचं कारण अकरा महिने. आपल्याकडे भाड्याचं घर बहुतेक वेळा ‘लीव्ह अँड लायसन्स’ने मिळतं. लायसन्स म्हणजे परवानगी. कागदावर तुम्ही भाडेकरूसुद्धा नसता, परवानगी मिळालेले असता, आणि मुदत संपली की मालक जागा परत मागू शकतो. दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार करता येते. पण तक्रार, नोटीस, सुनावणी, पुढची तारीख... निकाल लागेल तोवर करार संपलेला असेल. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्याकडेच नूतनीकरण मागायला जायचं. कोण जाईल?

आणि सोसायटीत भाडेकरूला आवाज नाही. तो सभासद नाही, सर्वसाधारण सभेत त्याला मत नाही. त्याच्या राहण्यापायी सोसायटी मालकाकडून सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, आणि ते शेवटी भाड्यातूनच निघतं. रॅम्पची गरज असलेला माणूस सभेबाहेर, आणि मत असलेले मालक नाशिकला.

इथे मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. या पट्ट्यातले सगळे घरमालक धनदांडगे नाहीत. कुणाची जमीन एमआयडीसीत गेली आणि उरलेल्या चार गुंठ्यांत खोल्या बांधल्या, त्यावरच घर चालतं. कुणी कर्ज काढून एक फ्लॅट घेतला, भाड्यातून हप्ता भागतो. अशा माणसाने बाथरूम फोडून द्यावं, असं म्हणणं मला न्याय्य वाटत नाही. अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा बदलून यातून वाट काढली. घराच्या आतले रास्त बदल भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने करायचे, मालकाने अडवायचं नाही, आणि गरज असेल तिथे जाताना पूर्ववत करून द्यायचं. यातही गरीब भाडेकरूचं काय हा प्रश्न राहतोच. पण निदान भिंतीत एक दांडी बसवायला ड्रिल मारू का, यासाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

सामायिक जागेचा खर्च मात्र सगळ्यांचा असला पाहिजे, आणि हे तत्त्व आपल्या सोसायट्यांनी आधीच मान्य केलेलं आहे. लिफ्टच्या देखभालीचा खर्च, वापरा अथवा न वापरा, त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी समान द्यायचा, असं आदर्श उपविधींमध्ये आहे. तळमजल्यावरचे काका दर वर्षी सभेत त्यावरून भांडतात आणि दर वर्षी हरतात. चालणाऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर नेणाऱ्या यंत्रावर लाखो रुपये खर्च होतात, त्याला कुणी दया म्हणत नाही. जिनाही सोयच आहे. तीन पायऱ्यांची उंची पाय असलेल्यांसाठी ठरवलेली आहे, एवढंच.

मग अडतं कुठे? मी नंतर टेप घेऊन हिशोब केला. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो. म्हणजे लांबी अठरा फूट, एका कारच्या पार्किंगपेक्षा थोडी जास्तच. खरा प्रश्न सिमेंटचा नव्हताच. कुणाची तरी गाडी हलवावी लागली असती. ‘उचलून घेऊ की’ यात गाडी हलत नाही.

त्या दिवशी सेक्रेटरी आणखी एक वाक्य म्हणाले होते, “आमच्याकडे असं कुणी नाही, म्हणून कधी विचार केला नाही.” मला ते या सगळ्या औद्योगिक पट्ट्याचं वाक्य वाटतं. इथे मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-ओडिशातून माणसं येतात ती विशी-पंचविशीत, मेडिकल टेस्ट पास होऊन. धडधाकट शरीर हीच इथे येण्याची अट आहे. ज्याचं शरीर मोडतं तो बहुतेक गावी परततो, कारण इथल्या तिसऱ्या मजल्यावर त्याला राहता येत नाही. तो गेला की आपण म्हणतो, आमच्याकडे असं कुणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला महापालिकेचा ‘पर्पल जल्लोष’ झाला. दिव्यांगांचा महोत्सव, तीन दिवस. असं व्हायलाच हवं. पण महोत्सवातून रात्री घरी जायचं असतं, आणि घराला पायऱ्या असतात.

दादा आता चाकणजवळच्या एका गावात बैठ्या खोलीत राहतो. मालक सत्तरीचे शेतकरी, सगळे त्यांना तात्या म्हणतात. दाराला एकच पायरी होती. दादाने विचारलं, तात्यांनी दोन पाट्या खडी आणि सिमेंट आणायला सांगितलं, खर्च निम्मा-निम्मा, आणि एका रविवारी उतार तयार. एकास बारा वगैरे काही नाही, चांगलाच उभा आहे, पावसाळ्यात घसरायची भीती वाटते. तात्यांनी कायदा वाचलेला नाही, आणि त्यांना सभाही बोलवावी लागली नाही. अकरा महिन्यांनी ते काय म्हणतील, हे मला सांगता येत नाही.

परवा फोन केला तर दादा जाम तापलेला होता. पाण्याच्या मोटरचं लाइट बिल तात्यांनी सगळ्या खोल्यांवर सारखं वाटलं, आणि याचं म्हणणं की मीटर वेगळा बसवा. दोघांचं अंगणात कडाक्याचं भांडण झालं होतं, शेजारी बघायला बाहेर आले होते. “सोडणार नाही मी,” म्हणाला, आणि सेकंड शिफ्टला उशीर होतोय म्हणून त्याने फोन ठेवला.