मोकळे करणे आणि मोकळे होणे

घरात लहान मूल आजारी पडले की ते रडते, आईच्या कुशीत शिरते, दुखते कोठे ते बोटाने दाखवते. कुत्रे आजारी पडले तर कण्हते. गाय वैरणीकडे पाठ फिरवते आणि तेवढ्यावरून घरधनी काय ते ओळखतो. परंतु काही जीवांचे दुखणे त्यांच्या कवचातच बंद राहते. कासव त्यांपैकी एक. ते ओरडत नाही, तक्रार करीत नाही, आणि वाचकांना नवल वाटेल, त्याला धड खोकताही येत नाही. आपल्या छातीच्या तळाशी श्वासाला जोर देणारा जो स्नायूंचा पडदा असतो, तसा त्याला नसतो. त्यामुळे छातीत साठलेला कफ जोराने बाहेर टाकणे त्याला जमत नाही. नाकाशी आलेला एक बुडबुडा, सुजलेल्या पापण्या, न खाल्लेली पाने, एवढीच काय ती त्याची भाषा.

अशा मुक्या जीवाविषयी आपले कर्तव्य कोठपर्यंत पोहोचते, हा प्रश्न माझ्यापुढे एका दूरध्वनीने उभा केला. माझी एक मावसबहीण अनेक वर्षांपासून कॅलिफोर्नियात राहते. तिने घर घेतले तेव्हा परसातले एक कासवही तिच्या पदरी आले. ते तिकडच्या मोहावी वाळवंटातल्या जातीचे. ही कासवे रानातून उचलण्यास आणि विकण्यास बंदी आहे. ज्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना घ्यावा लागतो. बहिणीने ते कासव बारा वर्षे सांभाळले. मग तिच्या यजमानांची बदली दूरच्या थंड राज्यात झाली. कासवाला परवानगीवाचून राज्याबाहेर नेता येत नाही, आणि नेले असते तरी तिथल्या थंडीत ते सुखाने राहिले नसते. त्याच्यासाठी दुसरे घर शोधणे भाग होते. त्यासाठी भरावयाच्या कागदावर एक प्रश्न होता : या कासवाला पूर्वी श्वसनाचा विकार झाला होता काय?

झाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या नाकातून पाणी वाहू लागले होते. पशुवैद्यांनी औषध दिले, नाक धुतले, ऊब द्यायला सांगितले. महिन्याभरात ते पूर्ववत हिंडू लागले. "दादा, खरे लिहिले तर त्याला कोण घेईल?" बहिणीने मला विचारले. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "आता बरे आहे ना? मग कशाला लिहितेस?"

त्या उत्तराची आज मला लाज वाटते. का, ते सांगण्यासाठी या रोगाची थोडी ओळख करून द्यायला हवी.

मोहावी कासवांच्या नाकाचा हा विकार मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होतो, हे १९९४ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे पेनिसिलिनसारखी जी औषधे नेमक्या त्या भित्तिकेवर घाव घालतात, ती येथे निरुपयोगी ठरतात. दुसरी औषधे आहेत. त्यांनी नाक कोरडे होते, भूक परतते. परंतु जिवाणू शरीरातून कायमचा गेला असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तो दबून राहतो आणि थंडी, उपासमार किंवा स्थलांतराचा ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. माणसाला त्याची बाधा होत नाही. एका कासवाचे नाक दुसऱ्याच्या नाकाशी आले की मात्र तो पसरतो. रक्ताची तपासणी आहे, पण ती शरीराने रोगाशी झुंज दिल्याची खूण शोधते, आणि ही खूण उमटायलाही काही आठवडे लागतात. म्हणजे दिसायला ठणठणीत असलेले कासव रोग वाहत असू शकते, आणि ज्याच्या रक्तात खूण सापडली ते कासव पुढे वर्षानुवर्षे सुखाने जगूही शकते. माझे "बरे आहे ना" हे शब्द किती उथळ होते, हे यावरून ध्यानात यावे.

बहिणीच्या ओळखीच्या एका गृहस्थाने तिला आणखी सोपा उपाय सुचवला होता : "वाळवंट दोन तासांवर आहे. नेऊन सोडा. जिथले तिथे गेले." ऐकताना हे किती उदात्त वाटते! पिंजरा उघडावा, बंदिवानाला त्याच्या मायभूमीत सोडावे, याहून मोठी दया कोणती?

परंतु त्या मायभूमीची स्थिती काय आहे? १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मोहावीत आजारी कासवे मोठ्या संख्येने आढळू लागली. १९८९ मध्ये अमेरिकी सरकारने या जातीला तातडीचे संरक्षण दिले आणि १९९० मध्ये ती रीतसर संकटग्रस्त ठरवली. याचे सारे खापर पाळीव कासवे सोडणाऱ्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. रस्ते, वसाहती, दुष्काळ, वाळवंटात भरधाव धावणारी वाहने, पिल्ले टिपणारे डोमकावळे, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. तरीही या रोगाचे जिवाणू पाळीव कासवांत सर्रास आढळतात आणि त्यांतले एखादे रानात सोडणे म्हणजे रानातल्या दुबळ्या समाजावर आणखी एक ओझे टाकणे होय. मोहावीतील कासवीला अंडी घालण्याच्या वयाला येण्यास साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात आणि बहुतेक पिल्ले त्यापूर्वीच मरतात. तेथे एक प्रौढ मादी गमावली तर तिची जागा लवकर भरून येत नाही.

येथे आपल्या मराठी भाषेतील दोन साधे शब्दप्रयोग मला वाट दाखवतात. एक 'मोकळे करणे' आणि दुसरा 'मोकळे होणे'. वाळवंटात कासव सोडणारा म्हणतो, मी त्याला मोकळे केले. खरे पाहता मोकळा तोच झालेला असतो : रोजच्या पानांपासून, औषधाच्या खर्चापासून, मनाच्या टोचणीपासून. कासवाच्या वाट्याला अनोळखी भूमी येते, तेथील कासवांच्या वाट्याला रोग येतो, आणि देणाऱ्याच्या वाट्याला आपण फार दयाळू असल्याचे समाधान येते. जी दया फक्त करणाऱ्यालाच हलके करते, तिला दया म्हणावे काय?

मग जनावर दुसऱ्याला देणे हेच मुळी चूक काय? मला तसे वाटत नाही. ही कासवे पन्नास ते ऐंशी वर्षे जगतात. चाळिशीतल्या माणसाने तरुण कासव पदरी घेतले, तर ते त्याच्या मागे उरण्याचाच संभव अधिक. म्हणजे कासव पाळणे हे मुळातच आपल्या आयुष्याहून लांब असे वचन आहे. ते एका हाताला पुरे करता येत नाही, दुसऱ्याच्या हाती सोपवावेच लागते. तेव्हा सोपवण्यात दोष नाही, दोष आहे तो मौनात. सत्य सांगून दिलेल्या कासवाबरोबर त्याची काळजीही आपण पुढे पाठवतो. सत्य लपवून दिले, तर केवळ आपली अडचण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो. त्याच्या परसात आधीच दोन निरोगी कासवे असली, तर आपल्या न लिहिलेल्या एका ओळीची किंमत ती चुकवतील.

यावर कोणी म्हणेल, सत्य सांगितल्याने त्या बिचाऱ्याला घरच मिळाले नाही तर? हा आक्षेप हलका नाही. लास वेगासजवळ या कासवांसाठी एक मोठे संवर्धन केंद्र होते. नको झालेली पाळीव कासवेही तेथे आणून दिली जात. त्याचा खर्च मुख्यतः वाळवंटात बांधकाम करणाऱ्यांकडून घेतलेल्या शुल्कातून चाले. घरबांधणीचा धंदा मंदावला आणि तो ओघ आटला. २०१३ मध्ये केंद्र बंद करण्याचे ठरले, तेव्हा तेथे सुमारे १,४०० कासवे होती, आणि जी आजारी आहेत त्यांना मरण द्यावे लागेल अशी बातमी आली. लोक हळहळले, संतापले. निरोगी कासवांना मारले जाणार नाही असा खुलासा अधिकाऱ्यांना करावा लागला. २०१४ च्या अखेरीस केंद्र बंद झाले.

संतापणाऱ्यांत मीही असतो. पण विचार करता वाटते, त्या केंद्राच्या दारात ती कासवे नेऊन ठेवली कोणी? आपल्यासारख्याच, घर बदलणाऱ्या, कंटाळलेल्या, 'कोणीतरी पाहील' म्हणणाऱ्या सज्जनांनी. हजार माणसे एकेक करून मोकळी झाली आणि त्या सगळ्यांचा भार शेवटी एका पशुवैद्याच्या हातातल्या सुईवर आला. ज्याचे खाणेपिणे सुटले आहे, ज्याचा श्वास घरघरतो आहे आणि ज्याला कोणताही उपाय उरलेला नाही, त्याच्या यातना थांबवणे ही दया असू शकते, हे मी मान्य करतो. परंतु रक्तात एक खूण सापडली किंवा ठेवायला जागा नाही, एवढ्याच कारणाने मरण देणे याला दया म्हणू नये. गैरसोय आणि यातना यांतील भेद आपण पुसू लागलो, तर तो केवळ कासवांपुरता पुसला जाणार नाही.

या दोन्ही टोकांमध्ये एक साधा, कष्टाचा मार्ग आहे. मोहावीतील कासव बहुतांशी एकटे राहणारे आहे. आयुष्याचा फार मोठा भाग ते आपल्या बिळातच काढते. त्यामुळे रोग वाहणारे कासव दुसरे कासव नसलेल्या घरी, कोरड्या व उबदार परसात वेगळे ठेवले, तर त्याच्यावर अन्याय होत नाही. असे घर मिळायला वेळ लागतो, इतकेच. तोवर थांबणे हेच आपले कर्तव्य.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडेही घरात भरभराट यावी म्हणून पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव गुपचूप आणणारे लोक आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणे गुन्हा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले आहे. पावसाळ्यात दमट फरशीवर त्याचे नाक वाहू लागते, घरचे घाबरतात आणि रात्रीच्या अंधारात त्याला तळ्यात सोडून येतात. ते जमिनीवरचे प्राणी आहे, त्याला पोहता येत नाही, हेही त्यांना ठाऊक नसते. खरे तर अशा कासवाला वनखात्याच्या स्वाधीन करावे आणि देताना त्याचे दुखणे स्पष्ट सांगावे. लाज वाटेल, कदाचित जाबही द्यावा लागेल. पण ती लाज आपली आहे, कासवाची नव्हे. तिची किंमत त्याने का मोजावी?

माझ्या बहिणीने माझे ऐकले नाही. तिने त्या कागदावर 'होय' लिहिले, महिना आणि औषधाचे नावही लिहिले. दोन कुटुंबांनी नकार कळवला. यजमान पुढे गेले आणि ती मुलांसह चार महिने मागे राहिली. अखेर एका वृद्ध विधुर गृहस्थाने ते कासव नेले. त्यांच्याकडे दुसरे कासव नव्हते. त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला : नाक पुन्हा वाहू लागले, तर पहिल्या दिवशी काय करायचे? तिने सारे लिहून दिले.

नंतर ती मला दूरध्वनीवर म्हणाली, "दादा, परस रिकामे झाले, पण मन हलके नाही झाले. अजून रोज त्याची आठवण येते." मी काही बोललो नाही. तिने त्याला सोपवले होते, स्वतः मात्र मोकळी झाली नव्हती.