झाकण मिटल्यावर

लॅपटॉपचं झाकण मिटलं की यंत्र झोपलं, असं आपण धरून चालतो. पूर्वी ते बरंचसं खरं होतं. १९९६च्या एसीपीआय मानकातल्या ‘एस३’ अवस्थेत प्रोसेसर बंद होई. हातातलं काम सांभाळायला रॅमपुरती वीज चालू राही. विंडोजच्या ‘मॉडर्न स्टँडबाय’मध्ये पडदा काळा होतो, पण यंत्र ‘एस०’मध्येच, म्हणजे चालूच्याच अवस्थेत असतं. मधूनमधून उठून मेलही आणतं. सोय आपल्यालाच हवी होती म्हणा. झाकण उघडताच सगळं हजर.

तरी काळा पडदा हे एक विधान आहे. ते अर्धंच खरं असेल, तर लबाडी कुणाची? यंत्राची नक्कीच नाही. त्याला हेतू नसतो.

‘झोपलोय गं,’ असं मी आईला दाराआडून सांगतो आणि पांघरुणात फोन बघत राहतो.