मत ही साक्ष असेल तर

वर्धा, हिंगणघाट, आर्वी येथील नगरपालिकांच्या निवडणुका 2016 नंतर थेट डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. बहुतेक प्रभागांत दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष, अशी तीन मते हाती आली. मोहल्ल्यात प्रश्न मात्र एकच: आपला माणूस कोण? 1909 साली कायदेमंडळांसाठी मुस्लिमांचे स्वतंत्र मतदारसंघ आले, ते संविधानाने मोडले, बरेच झाले. पण मनातला मतदारसंघ कोण मोडणार? काही उलेमा मताला शहादत मानतात. मग नालायकाला केवळ आपला म्हणून मत देणे ही खोटी साक्षच. पक्ष आपल्यातल्या लायक माणसालाही तिकीट नाकारतात, हे खरे आणि संतापजनकही. म्हणून आपणही खोटी साक्ष द्यावी? तीनही मते डोळे झाकून एकाच बाजूला टाकताना आम्ही उमेदवारांची कामे तरी विचारली होती का?